जावजी दादाजी : बोरूचे वळण आणि खिळ्याचे अक्षर

एकोणिसाव्या शतकातील मराठी वाङ्मयाचा अभ्यास करताना आपण लेखक, ग्रंथ आणि नियतकालिके यांची नोंद घेतो. ते ज्या अक्षरांतून वाचकांपर्यंत पोहोचले, त्या अक्षरांचा विचार मात्र क्वचितच होतो. देवनागरी मुद्राक्षराला घाटदार रूप देणाऱ्यांत ‘निर्णयसागर’ छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) यांचे स्थान अग्रभागी आहे.

जावजींचा जन्म मुंबईत एका गरीब कुटुंबात झाला. शालेय शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही. बालवयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागले; वेतन होते दरमहा २ रुपये. तेथे टॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली देवनागरी खिळे तयार होत असत. ओतलेल्या खिळ्याच्या कडा घासून सारख्या करणे हे वरवर पाहता हलके काम. परंतु देवनागरीत त्याचे महत्त्व विशेष आहे. रोमन लिपीतील छापील अक्षरे सुटी उभी राहतात, तर देवनागरीची शिरोरेघ शब्दभर सलग धावते. खिळ्याच्या कडेला किंचित कंगोरा राहिला, तरी दोन अक्षरांमध्ये फट पडते आणि रेघ तुटते.

त्या काळातील वाचकाची नजर पोथीवर घडलेली होती. तिरकस कापलेल्या बोरूने लिहिताना रेषा वळणानुसार जाड-बारीक होते. अक्षराचे सौंदर्य तिच्यातून येते. शिळाछापात हे हस्ताक्षर जसेच्या तसे उतरवता येई. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत असाच छापखाना काढला होता. शाईत चरबी असते या समजुतीमुळे सनातनी मंडळी छापील धर्मग्रंथ विटाळलेला मानीत. अशा वाचकापुढे खिळ्यांनी छापलेले पुस्तक ठेवायचे, तर त्यातील अक्षर परके वाटून चालणार नव्हते. बोरूचे वळण धातूत उतरवणे हाच खरा प्रश्न होता.

अन्य छापखान्यांत अनुभव घेतल्यानंतर जावजींनी १८६४ मध्ये स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू हे कुशल कारागीर त्यांचे सहकारी होते. पोलादी ठशाच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यावर ठोकून मातृका तयार करायची आणि तिच्यात शिशाचा मिश्रधातू ओतायचा, अशी ही प्रक्रिया होती. मूळ ठशात झालेली चूक पुढे प्रत्येक खिळ्यात उतरत असल्याने सारी मदार कोरणाऱ्याच्या हातावर असे. जाड-बारीक रेषांचा तोल, मात्रांची योग्य जागा आणि जोडाक्षरांची सुबक बांधणी यांमुळे या खिळ्यांना मान्यता मिळाली.

१८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना उभा राहिला. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक १८८१ पासून येथे छापले जाऊ लागले. लहान मुलांसाठी सुवाच्य अक्षर आवश्यक होते, तर संस्कृत ग्रंथांसाठी असंख्य जोडाक्षरे लागत. या दोन्ही कसोट्यांवर निर्णयसागरचे खिळे उतरले. १८८६ मध्ये सुरू झालेल्या ‘काव्यमाला’ या मालिकेने अनेक दुर्मीळ संस्कृत ग्रंथ प्रकाशात आणले. शुद्ध छपाईमुळे निर्णयसागरच्या आवृत्त्या देशभरातील पंडितांनी प्रमाण मानल्या आणि त्यांच्याबरोबर देवनागरीचे मुंबई वळणही दूरवर पोहोचले.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचे निधन झाले. पुढे त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी संस्थेचा कारभार सांभाळला. विद्वत्तेचा वारसा नसलेल्या या माणसाने ग्रंथ रचले नाहीत. परंतु विद्वानांच्या ग्रंथांना विश्वासार्ह आणि देखणे अक्षर दिले. मराठी मुद्रणाच्या इतिहासात कारागिराचे स्थान ग्रंथकाराइतकेच महत्त्वाचे का आहे, हे जावजींच्या चरित्रावरून स्पष्ट होते.

स्वाध्याय : पोथीलेखनाच्या परंपरेचा देवनागरी मुद्राक्षरांच्या घडणीवर कोणता परिणाम झाला, ते जावजी दादाजी यांच्या कार्याच्या आधारे स्पष्ट करा.