फ्रेड टी. जेन

जॉन फ्रेडरिक थॉमस जेन ऊर्फ फ्रेड टी. जेन (६ ऑगस्ट, १८६५ – ८ मार्च, १९१६) हे इंग्रज चित्रकार, लेखक व आरमाराचे अभ्यासक होते. युद्धनौकांच्या छोट्या प्रतिकृती पटावर मांडून खेळावयाच्या सागरी युद्धखेळाची नियमावली त्यांनी रचली. 'जेन्स फायटिंग शिप्स' हा युद्धनौकांचा प्रसिद्ध वार्षिक संदर्भग्रंथ या खेळाच्याच जोडीने आकारास आला.

प्रारंभिक जीवन

जेन यांचा जन्म इंग्लंडमधील रिचमंड (सरे) येथे एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण एक्झेटर येथे झाले. विद्यार्थिदशेतच त्यांना युद्धनौकांची चित्रे काढण्याचा छंद जडला. पुढे लंडनमध्ये सचित्र नियतकालिकांसाठी चित्रे काढून ते उपजीविका करू लागले. ब्रिटिश आरमाराच्या सरावाच्या वेळी चित्रकार म्हणून त्यांना नौकांवरील जीवन जवळून पाहता आले. त्यांनी काही विज्ञान-अद्भुत कादंबऱ्याही लिहिल्या.

सागरी युद्धखेळ

सागरी युद्धखेळाच्या कोणत्याही नियमावलीस दोन प्रश्नांचा निर्णय करावा लागतो : तोफेचा गोळा लक्ष्यावर लागला की नाही, आणि लागल्यास त्याचा परिणाम काय झाला. हा निर्णय फाशांवर सोपविल्यास दैवाचे, तर पंचाच्या मतावर सोपविल्यास अधिकाराचे प्राबल्य वाढते. जेन यांनी तिसरा मार्ग निवडला. शत्रूच्या नौकेचे चित्र असलेल्या कागदावर खेळाडू टाचणी बसविलेल्या लाकडी पट्टीने आघात करी. अंतर जितके अधिक, तितके चित्र लहान असे. टाचणीचे छिद्र जेथे पडे, त्या ठिकाणचे चिलखत आणि मारा करणारी तोफ यांची तुलना करून हानी ठरविली जाई व ती नौकेच्या नोंदपत्रकावर खोडून दाखविली जाई.

या निवडीमुळे प्रत्येक नौकेच्या तोफा, चिलखताची जाडी व वेग यांची नेमकी माहिती आवश्यक ठरली. चिलखत व तोफा यांचे सामर्थ्य अक्षरांनी दर्शविणारी वर्गवारी जेन यांनी केली आणि ती आपल्या संदर्भग्रंथातही वापरली. प्रत्येक आघाताची स्वतंत्र नोंद ठेवावी लागत असल्याने मोठ्या ताफ्यांचा डाव मात्र संथ होई.

ग्रंथलेखन

१८९८ साली 'ऑल द वर्ल्ड्स फायटिंग शिप्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील नौकांची रेखाचित्रे जेन यांनी स्वतः काढली होती. त्यानंतर त्यांनी रशियन (१८९९), जपानी (१९०४) व ब्रिटिश (१९१२) आरमारांवर ग्रंथ लिहिले. 'हेरेसीज ऑफ सी पॉवर' (१९०६) या ग्रंथात त्यांनी सागरी सामर्थ्याविषयीच्या प्रचलित मतांना आव्हान दिले. १९०९ पासून हवाई जहाजांचा वार्षिक ग्रंथही त्यांनी सुरू केला.

राजकारण

१९०६ च्या सार्वत्रिक निवडणुकीत आरमाराच्या हिताचा पुरस्कार करीत त्यांनी पोर्ट्समथमधून अपक्ष उमेदवारी केली. परंतु त्यांना यश लाभले नाही.

मृत्यू व वारसा

८ मार्च, १९१६ रोजी पोर्ट्समथच्या साउथसी भागात जेन यांचे निधन झाले. पहिल्या महायुद्धातील सर्वांत मोठी सागरी लढाई, जटलंडची लढाई, त्यानंतर तीन महिन्यांच्या आत झाली.

अमेरिकन लेखक फ्लेचर प्रॅट यांची सागरी युद्धखेळाची नियमावली १९४० साली प्रसिद्ध झाली. प्रॅट यांनी तोफा, चिलखत, वेग इत्यादींवरून सूत्राने प्रत्येक नौकेचे एकूण गुण ठरविले आणि नेमबाजी खेळाडूच्या अंतराच्या अंदाजावर सोपविली. त्यामुळे अनेक नौकांचा डाव सुटसुटीत झाला. तथापि गोळा नौकेच्या कोणत्या भागावर लागला, हा जेन यांच्या खेळाचा गाभा त्यात गौण ठरला. तपशील हवा की गती, ही निवड नियमावली ठरविणाऱ्या खेळाडूंपुढे आजही असते. जेन यांचा खेळ मागे पडला, तरी त्यासोबत जन्मलेला युद्धनौकांचा संदर्भग्रंथ त्यांच्या नावाने चालू राहिला.