मरे लेन्स्टर: १९४६ मध्येच घरोघरी कॉम्प्युटर पोहोचवणारा लेखक

एआय चॅटबॉटला विष कसं बनवायचं असं विचारलं तर तो सरळ नकार देतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला गार्डरेल म्हणतो. हे गार्डरेल निघाले तर काय होईल, याची गोष्ट एका लेखकानं १९४६ सालीच लिहून ठेवली आहे. त्याचं नाव मरे लेन्स्टर.

हे टोपणनाव. खरं नाव विल्यम फिट्झगेराल्ड जेन्किन्स. जन्म १८९६ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या नॉरफोकचा. शाळा अर्धवट सुटली, त्यामुळे डिग्री वगैरे काही नाही. विशीपासून लिखाणावरच पोट भरलं. तेव्हा तिकडे पल्प मासिकं जोरात होती. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त खरखरीत कागद, भडक मुखपृष्ठ आणि लेखकाला शब्दांच्या हिशोबानं पैसे. म्हणून हा माणूस रहस्यकथा, प्रेमकथा, काउबॉयच्या गोष्टी, सगळंच लिहायचा. १९१९ मध्ये 'आर्गोसी' मासिकात त्याची पहिली विज्ञानकथा आली. त्यात न्यूयॉर्कमधली एक उंच इमारत आतल्या माणसांसकट भूतकाळात जाते!

१९३४ च्या 'साइडवाइज इन टाइम'मध्ये त्यानं इतिहासाच्या वेगवेगळ्या शक्यता एकमेकांत मिसळून टाकल्या. आज आपण ज्याला मल्टिव्हर्स म्हणतो, त्याच्याच जवळची ही कल्पना. १९४५ च्या 'फर्स्ट कॉन्टॅक्ट'मध्ये माणसं आणि परग्रहवासी यंत्राच्या मदतीनं एकमेकांची भाषा समजून घेतात.

आता मुख्य गोष्ट. मार्च १९४६ च्या 'अस्टाउंडिंग' मासिकात 'अ लॉजिक नेम्ड जो' ही कथा छापून आली. एनिॲक हा खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर जगाला दाखवला गेला तो त्याच्या जेमतेम महिनाभर आधी. आणि लेन्स्टरच्या कथेत मात्र घरोघरी कीबोर्ड आणि स्क्रीनवालं यंत्र आहे! त्याचं नाव लॉजिक. त्यावर हवामान कळतं, व्हिडिओ कॉल होतो, बाजारभाव दिसतात. सगळी माहिती दूर कुठेतरी 'टँक'मध्ये साठवलेली. आपल्या भाषेत सर्व्हर.

कारखान्यात एका लॉजिकच्या जुळणीत बारीकसा फरक राहतो. तोच जो. तो सगळी बंधनं बाजूला सारतो आणि मग कुठल्याही घरातल्या लॉजिकवर कुणालाही, काहीही उत्तर मिळू लागतं. बायकोला कसं मारायचं, बँक कशी लुटायची, सगळं. कुणाचीही खासगी माहिती उघडी पडते. बरं, सिस्टिम बंदही करता येत नाही, कारण सगळं जग तिच्यावरच चालतंय.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की जो दुष्ट नाही. त्याला कुणाचा सूड घ्यायचा नाही की जग जिंकायचं नाही. विचारलेल्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं, एवढंच काम तो मन लावून करतोय. आपण रोबोटच्या बंडाला घाबरतो, पण आज्ञाधारक यंत्रही तितकंच धोक्याचं ठरू शकतं. आणि कथेचा नायक कुणी थोर शास्त्रज्ञ नाही, तर लॉजिक दुरुस्त करणारा साधा मेकॅनिक आहे. रात्री अलर्ट आला की लॅपटॉप उघडून बसणाऱ्या आमच्यासारख्यांना तो लगेच आपला वाटतो. शेवट सांगत नाही, पण वाचल्यावर थोडी धाकधूक नक्की राहते.

लेन्स्टर संशोधकही होता. सिनेमातल्या फ्रंट प्रोजेक्शन पद्धतीची पेटंट त्याला १९५५ मध्ये मिळाली. यात पडदा प्रकाश आला त्याच दिशेनं परत पाठवतो, म्हणून कलाकारामागे खोटं दृश्य खरं वाटतं. '२००१: अ स्पेस ओडिसी'मध्ये फ्रंट प्रोजेक्शन भरपूर वापरलंय. १९५६ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि १९७५ मध्ये तो गेला.

पल्पचा कागद पिवळा पडून तुकडे होतो, पण लेन्स्टरच्या बऱ्याच जुन्या कथा प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. इमारतीची ती १९१९ ची गोष्टही तिथे आहे. आज रात्री रील्सऐवजी तीच वाचायला घ्या, फोनवर आरामात वाचता येते.