शिकलगाराचा तंबोरा

प्रार्थनेपूर्वी तंबोऱ्याची तार छेडली की सभागृह क्षणभर स्तब्ध होते; परंतु हे वाद्य घडविले कोणी, हे विचारण्याचे आपणांस सहसा सुचत नाही. व्हायोलिन व चेलो घडविणाऱ्या क्रेमोनाच्या स्ट्राडिव्हारीचे नाव दूरदेशीच्या मुलांसही ठाऊक असते. आपल्या महाराष्ट्रात तोच मान मिरजेच्या फरीदसाहेबांचा आहे.

फरीदसाहेब जातीचे शिकलगार. तलवारी-कट्यारींस धार लावावी, गंजलेले पाते उजळावे, हा त्यांचा पिढीजात धंदा. १८१८ साली पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या आणि हळूहळू तलवार भिंतीवरची शोभा होऊन बसली. हातात कसब आहे, पण त्यास गिऱ्हाईक नाही! कारागिराच्या घरावर याहून वाईट प्रसंग तो कोणता?

मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. तेथे गवयांस आश्रय असे. वाद्ये मात्र दुरून आणावी लागत, आणि मोडली तर दुरुस्त करणारा जवळपास कोणी नसे. अशी मोडकी वाद्ये फरीदसाहेबांकडे येऊ लागली, अशी आठवण मिरजेत सांगतात. ती उकलता-जोडता त्यांस रचना उमगली, आणि १८५० च्या सुमारास ते स्वतः सतारी व तंबोरे घडवू लागले.

हे काम वाटते तितके सोपे नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा सुकवून, कापून, पाण्यात भिजवून आत काड्यांचा ताण देऊन त्यास गोलाई आणावी लागते. त्यावर तुणीच्या लाकडाची तबली व दांडी, मग खुंट्या आणि तारा. पण खरी कसोटी जवारीची! तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा कानशीने किंचित उतरता घासावा लागतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून नाद जुळवितात. घास कमी पडली तर नाद खुलत नाही. जास्त झाली तर सारे पुन्हा करावे लागते. कानस कोठे थांबवावी हे पुस्तकात सापडत नाही. मला तर वाटते, पात्याची धार ओळखणाऱ्या त्या बोटांस ते आधीच ठाऊक असावे.

पुढे घराण्याचे नावच सतारमेकर पडले. अर्धे देशी, अर्धे इंग्रजी! मिरजेत गाणे वाढले तशी वाद्यांची मागणीही वाढली. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर तेथेच बाळकृष्णबुवांपाशी शिकले. त्यांनी उत्तरायुष्यात नाशिकास रामनाम आधार आश्रम काढला, म्हणून आम्हां अंबडकरांस ते घरचेच वाटतात. खाँसाहेब अब्दुल करीम खाँही मिरजेतच स्थायिक झाले.

२०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले. जवारी मात्र तेथे अजूनही हातानेच, कान देऊन लावतात.