देवळालीच्या मास्तरांचं शून्य

मैत्रिणींनो, आजच्या लेखात गणित आहे, हे आधीच सांगून टाकते. पण लगेच पान उलटू नका हं! मी स्वतः बी.ए. झालेली, दहावीला गणितात काठावर सुटलेली बाई आहे. मला जे कळलं ते तुम्हाला कळणार नाही, असं होणारच नाही.

भाईंदर पूर्वेला आम्ही चारचौघी मिळून मुलींसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. एक खोली, दोन सतरंज्या आणि कुणीतरी दिलेले दोन जुने कॉम्प्युटर, एवढाच संसार. ज्यांना घरी अभ्यासाला कोपरा नाही अशा मुली येतात. त्यातली एक यंदा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, विषय कॉम्प्युटर. आई स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगला जाते. मुलगी मराठी शाळेतून आलेली, कॉलेजात सगळं इंग्रजीतून. गेल्या महिन्यात एकदा तोंड पाडून बसली होती. वर्गातल्या मुली मोबाइलसाठी काय काय बनवतात आणि आपण चार अंकांच्या पोरखेळात अडकलोय, हा विषयच सोडून द्यावा म्हणते, असं म्हणाली. कसला पोरखेळ, म्हणून विचारलं, तर कापरेकरांची संख्या म्हणाली.

मी चमकलेच. कापरेकर म्हणजे डहाणूचे. आणि डहाणू हे माझं आजोळ! तरीही हे नाव मला फक्त स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातलं एका ओळीचं उत्तर म्हणून माहीत होतं. त्या रात्री लेकीच्या मदतीने बसून त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

पण आधी तो खेळ बघा. दूधवाल्याच्या बिलाची पाठकोरी बाजू घ्या. कुठलीही चार अंकी संख्या लिहा, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. तिचेच अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडले की होतात ५४३२, आणि लहानाकडून मोठ्याकडे २३४५. मोठीतून लहान वजा करा, ३०८७ आले. आता त्याचं पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा एकदा. ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आणि ६१७४ चं तेच करून बघा, ७६४१ वजा १४६७, परत ६१७४! कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ च्या दारात येऊन थांबता. जगभर या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आपल्याच लाइनीवरचं हे गाव. आता पालघर जिल्ह्यात आहे, २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. आता ज्योतिषाबद्दल माझं मत काहीही असो, पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड चोख लागते. आईविना वाढणाऱ्या या मुलाला वडिलांकडून आकड्यांची गोडी मिळाली. ठाण्याच्या शाळेत असताना तो तासन् तास गणिती कोडी सोडवत बसायचा.

पुढे पुण्याला फर्ग्युसन कॉलेज. तिथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. (रँग्लर परांजपे म्हणजे आपल्या दिग्दर्शिका सई परांजपे यांचे आजोबा.) १९२९ ला मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले आणि शिक्षण तिथेच थांबलं. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही. १९३० मध्ये नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर म्हणून लागले आणि १९६२ ला निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले.

दिवसा शाळा आणि उरलेला सगळा वेळ आकडे. नुसतं गुणायचं, उलटं करायचं, बेरजा घ्यायच्या आणि बघत बसायचं. आपण निवडताना तांदळाकडे बघतो ना, तसं. आणि जे सापडेल त्याला नाव द्यायचं. नावं तरी कशी! एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी म्हटलं डेम्लो. हे काय परदेशी नाव, असं मला वाटलं होतं. तर डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली, त्या स्टेशनाचं जुनं नाव! तिथे असताना ती कल्पना सुचली म्हणून स्टेशनाचंच नाव दिलं. १११ ला १११ ने गुणलं की १२३२१, ११११ ला ११११ ने गुणलं की १२३४३२१, अशा उतरंडीसारख्या चढत्या-उतरत्या या संख्या. मी डोंबिवलीला मावशीकडे जायचं तर वसई-दिवा गाडीच्या वेळा बघून वैतागते. या माणसाला त्याच स्टेशनात गणित सुचलं.

दुसरं नाव हर्षद, म्हणजे आनंद देणारी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती हर्षद संख्या. माझं वय ४५. चार आणि पाच नऊ, आणि ४५ ला नऊने भाग जातो, म्हणजे मी सध्या हर्षद! आणि ४५ ची मजा एवढ्यावर संपत नाही. ४५ गुणिले ४५ म्हणजे २०२५. त्याचे मधोमध दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. चाळिशी उलटल्यावर वयाबद्दल एवढं चांगलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पण त्यांच्या काळात या सगळ्याला कुणी फार मान दिला नाही. अनेक गणितज्ञ हसायचे. हे काय गणित आहे, आकड्यांची करमणूक आहे, असाच सूर असायचा. मोठ्या नियतकालिकांत जागा मिळेना तेव्हा मास्तर स्वखर्चाने लहान लहान पुस्तिका छापून घेत. त्यावर देवळालीचा पत्ता. गणिताच्या परिषदांना मात्र जायचे, आपलं म्हणणं मांडायचे. मास्तराच्या पगारात प्रवास आणि छपाई कशी बसवली असेल, आणि महिनाअखेर त्या घरातल्या बाईने काय केलं असेल, हा प्रश्न मला गृहिणी म्हणून पडतोच. शाळा-कॉलेजांतून मात्र त्यांना भाषणांना बोलावणी येत. मुलांना ते आवडायचे. स्वतःला त्यांनी गणितानंद असं नाव घेतलं होतं.

६१७४ त्यांना १९४६ मध्ये सापडली. १९४९ ला मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली आणि १९५५ मध्ये अमेरिकेतल्या एका गणिताच्या नियतकालिकात तिच्यावर त्यांचं टिपण आलं. १९४६ हे सालही लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी अमेरिकेत एनिअ‍ॅक नावाचा सुमारे तीस टन वजनाचा कॉम्प्युटर लोकांसमोर आला, आणि तो चालवण्यासाठीचे प्रोग्रॅम रचले होते सहा बायकांनी. पुढे कित्येक वर्षं त्यांची नावंही कुणी घेतली नाहीत. असो. देवळालीला यातलं काहीच नव्हतं. तिथे कागद होता आणि पेन्सिल होती.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत गेले ती हे सगळं डोक्यात घेऊनच. म्हटलं, दाखव बाई मला तुझा पोरखेळ.

तिने समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. अ‍ॅरे म्हणजे फडताळात एका ओळीत लावलेले डबे. प्रत्येक डब्याला नंबर, आणि गंमत म्हणजे पहिल्या डब्याचा नंबर एक नाही, शून्य. आणि फंक्शन म्हणजे एकदा लिहून ठेवलेली कृती, जिन्नस बदलले तरी कृती तीच. तिने पायथन भाषेत अशा चार छोट्या कृती लिहिल्या होत्या. पहिली संख्येचे अंक सुटे करून एकेका डब्यात घालते. दुसरी डबे मोठ्याकडून लहानाकडे लावते. तिसरी ती ओळ उलटी करते. चौथी डब्यांतले अंक जोडून परत संख्या बनवते. मग वजाबाकी, आणि ६१७४ येईपर्यंत पुन्हा पहिल्यापासून.

तिने तीन-चार संख्या घालून बघितल्या होत्या, सगळ्या बरोबर. शितावरून भाताची परीक्षा केली आणि भात शिजला असं ठरवलं. पण सरांनी वहीवर लाल शेरा मारला होता की प्रोग्रॅम चुकतोय. कुठे, ते लिहिलं नव्हतं. ती दोन दिवस शोधत होती.

म्हटलं, मी एक संख्या देते. पर्समध्ये हात घातला तर अभ्यासिकेच्या वर्गणीचं पावतीपुस्तक लागलं. वर हजाराची पावती होती. म्हटलं, घाल १०००.

मशीनने उत्तर दिलं शून्य. ६१७४ चा पत्ताच नाही! मी कागदावर करून बघितलं. १००० वजा १, म्हणजे ९९९. मग ९९९ वजा ९९९, शून्य. माझंही शून्य! आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. म्हणजे मास्तरच चुकले? खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही वाटलं, की एवढे विद्वान हसत होते ते उगीच नसतील.

पण पोरगी हट्टी निघाली. म्हणाली, ताई, एकेक फंक्शन वेगळं तपासू. चार भांडी एकावर एक ठेवलेली असताना गळतं कुठलं ते कळत नाही, एकेकात पाणी घालूनच बघावं लागतं. दुसऱ्या कृतीला चार डबे दिले, तिने नीट लावले. तिसरीने नीट उलटे केले. चौथीही ठीक. मग पहिलीला ९९९ दिले. आणि तिने तीनच डबे भरले!

तिथे गळत होतं. मास्तरांच्या खेळात घरं चार. वजाबाकीचं उत्तर ९९९ नव्हे, ०९९९. पुढचं शून्य दिसत नसलं तरी त्याची जागा ठेवावी लागते. ते धरलं की ९९९० वजा ०९९९, म्हणजे ८९९१. तिथून ८०८२, मग ८५३२ आणि मग ६१७४! पाचव्या वजाबाकीत पोचलो की. मशीनने शून्य टाकून दिलं होतं, आणि कागदावर मीही तेच केलं होतं. कापरेकर मास्तर बरोबर होते.

तिने पहिल्या कृतीत एकच ओळ वाढवली. चारपेक्षा कमी डबे भरले तर पुढे शून्याचे डबे लाव. मग म्हणाली, आता शितं नाही बघायची, अख्खं पातेलं बघायचं. १००० पासून ९९९९ पर्यंत सगळ्या संख्या आधी जुन्या प्रोग्रॅममधून काढल्या. ११११, २२२२ सारख्या नऊ संख्या शून्यावर येणारच, त्या सोडल्या तर ६८ संख्या चुकत होत्या. नऊ हजारांत ६८. शितं बघून त्या कधी हाताला लागल्या असत्या? मग नवा प्रोग्रॅम लावला. अडुसष्टच्या अडुसष्ट ६१७४ वर आल्या. एकाही संख्येला सातपेक्षा जास्त वजाबाक्या लागल्या नाहीत. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. मी मात्र २००५ ही संख्या हाताने केली, तर सात वजाबाक्यांतच मान दुखायला लागली.

मास्तरांच्या उत्तरायुष्याबद्दल सांगायचं राहिलं. निवृत्तीनंतर चार वर्षांनी, १९६६ मध्ये पत्नी गेल्या. पेन्शन पुरेना. अगदी कमीत कमी खर्चात राहत होते, तरी गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. आकडे सुटले नाहीत. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या गाजलेल्या सदरात त्यांच्या कामावर लिहिलं आणि देवळालीचं नाव जगभर गेलं. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये देवळालीलाच त्यांचं निधन झालं. आज जगात कुठे कुठे प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलं सरावासाठी त्यांचीच संख्या घेतात. ज्याला करमणूक म्हणून हसले, तेच आता अभ्यासक्रमात सापडतं. मला याचा आनंद होतो आणि थोडा रागही येतो. अकरा वर्षं म्हणजे फार नाहीत हो.

आमच्या मुलीने वही पुन्हा दिली. विषय सोडायचं तूर्त तरी बोलत नाही. परवा आली ती नवीनच काढून. तीन अंकी संख्या घेतल्या तर सगळ्या ४९५ वर थांबतात, हे तिने तपासलं होतं. आणि दोन अंकी? त्या थांबतच नाहीत म्हणाली. नऊ, मग ८१, मग ६३, मग २७, मग ४५ आणि परत नऊ, नुसत्या फुगडी घालत राहतात. मी कागद ओढून घेतला आणि करून बघितलं. खरंच की! आणि त्या फुगडीत माझं ४५ सुद्धा आहे.