विश्लेषण : वादळाआधी आरमार कुठे हलवायचे? तीनशे वर्षांपूर्वी नियम घालून देणारे रामचंद्रपंत अमात्य

चक्रीवादळाचा इशारा मिळाला, की किनाऱ्यावरील हवाई तळांवरून लढाऊ विमाने आतल्या भागातील तळांवर हलवली जातात. जी उडू शकत नाहीत, ती हँगरमध्ये बंद केली जातात किंवा दोरखंडांनी जखडली जातात. मराठ्यांकडे विमाने नव्हती, पण आरमार होते आणि दरवर्षी खवळणारा पश्चिम समुद्रही होता. या आरमाराच्या बचावाचे नियम ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात सापडतात. ते लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य दर्यावर्दी नव्हते. त्यांचे आयुष्य हिशेब, किल्ले आणि घाटमाथ्यावरच्या कारभारात गेले.

कोण होते रामचंद्रपंत?

रामचंद्र नीलकंठ यांचा जन्म १६५० च्या सुमाराचा. वडील निळो सोनदेव शिवाजी महाराजांच्या कारभारात मुजुमदार होते. चुलते आबाजी सोनदेव यांचे नाव १६५७ मधील कल्याणच्या मोहिमेशी जोडलेले आहे. त्याच कल्याण-भिवंडीच्या खाडीत मराठी आरमाराची पहिली जहाजे बांधली गेली. वडिलांच्या निधनानंतर १६७२ मध्ये मुजुमदारीची जबाबदारी रामचंद्रपंतांच्या घरातच राहिली. १६७४ च्या राज्याभिषेकात ते अमात्य म्हणून अष्टप्रधानांत बसले. जमा-खर्च पाहणे हे अमात्याचे काम. एक गुराब बांधायला किती सागवान, किती दोर आणि किती पैसा लागतो, याचा हिशेब अशाच माणसाच्या नजरेखालून जात असे.

पावसाळा आणि युद्धाचा संबंध काय?

जून ते सप्टेंबर या काळात कोकण किनाऱ्यावर शिडाची जहाजे चालवणे जवळपास अशक्य असते. त्यामुळे चार महिने आरमार कुठे ठेवायचे, हा प्रश्न लढाईइतकाच महत्त्वाचा होता. जंजिऱ्याचा सिद्दी मुघलांचा चाकर झाला होता. १६७० च्या दशकात त्याचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात आसरा घेत असे. इंग्रजांना हे आवडत नव्हते, पण मुघलांना दुखावण्याची त्यांची तयारी नव्हती. पावसाळा संपला, की तीच सुरक्षित राहिलेली जहाजे मराठी मुलखावर चालून येत.

शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडावरील खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, त्यामागे हे एक मोठे कारण होते. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना तिथे टिकून राहणे अवघड गेले. मराठ्यांच्या हलक्या, कमी पाण्यात चालणाऱ्या होड्या मात्र रात्री रसद पोहोचवत राहिल्या. सुरक्षित आसरा ज्याच्याकडे, त्याच्याकडे पुढच्या हंगामाची सत्ता, हा धडा तेव्हाच्या कारभाऱ्यांसमोर होता.

औरंगजेबाच्या काळात त्यांची भूमिका काय?

१६८२ मध्ये औरंगजेब मोठ्या फौजेसह औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात दाखल झाला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि राजाराम महाराजांना जिंजीकडे जावे लागले. महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंतांकडे सोपवण्यात आला. ‘हुकुमतपनाह’ हा किताब देऊन त्यांना जवळपास राजाचेच अधिकार मिळाले. विशाळगड आणि पन्हाळ्याच्या परिसरातून त्यांनी राज्य चालवले. शंकराजी नारायण, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांच्यासारखी माणसे त्यांच्या जोडीला होती.

राजधानी नाही, राजा शेकडो कोस दूर आणि खजिना रिकामा, अशा स्थितीत हाताशी असलेली साधने न गमावणे हेच मोठे काम होते. किनाऱ्यावर याच काळात कान्होजी आंग्रे पुढे आले. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला. त्याची कबर संभाजीनगरजवळच्या खुलदाबादेत आहे.

‘आज्ञापत्र’ कधी आणि का लिहिले?

औरंगजेबानंतर शाहू महाराज परतले आणि राज्याच्या सातारा व कोल्हापूर अशा दोन शाखा झाल्या. रामचंद्रपंत कोल्हापूरकडे राहिले. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी आंग्रे शाहूंना मिळाले, त्यामुळे आरमाराचा मोठा भाग कोल्हापूरच्या हातून गेला. मालवण-सिंधुदुर्गाचा किनारा तेवढा उरला. १७१४ मध्ये ताराबाईंना बाजूला सारून दुसरे संभाजी गादीवर आले. या तरुण राजाच्या नावाने १७१५-१६ च्या सुमारास आज्ञापत्र सिद्ध झाले. राजा, प्रधान, सावकार, वतनदार, किल्ले अशा प्रकरणांच्या शेवटाकडे आरमाराचे प्रकरण येते.

आरमाराच्या बचावाचे नियम कोणते?

पहिला नियम वेळेचा. समुद्राला उधाण येण्याच्या पंधरा-वीस दिवस आधीच आरमार छावणीला न्यावे. छावणी म्हणजे पावसाळी मुक्काम. आभाळ भरून आल्यावर धावपळ करणे त्यांना मान्य नव्हते.

दुसरा नियम जागेचा. उघड्या बंदरात किंवा समुद्रातील एकट्या किल्ल्याच्या भरवशावर आरमार ठेवू नये. किल्ल्यांचे संरक्षण असलेली खाडी निवडावी आणि दरवर्षी बंदर बदलावे. त्यामुळे एकाच गावाला आरमारी लोकांचा उपद्रव होत नाही.

तिसरा नियम पहाऱ्याचा. काही जहाजे रिवाजाप्रमाणे किनाऱ्यावर ओढून घ्यावीत, काही पाण्यात नांगरून ठेवावीत आणि गस्त चालू ठेवावी. वादळापासून लपलेले आरमार शत्रूला आयते सापडू नये, हा त्यामागचा हेतू.

चौथा नियम पैशाचा. आरमाराचा खर्च नेमून दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नातून चालावा. तो बंदराच्या जकातीवर टाकला, तर व्यापाऱ्यांवर जुलूम होईल. जहाजांसाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे जबरदस्तीने तोडू नयेत, अशी ताकीदही आहे.

नियम मोडले तर काय होते?

रामचंद्रपंतांचे १७१६ मध्ये पन्हाळ्यावर निधन झाले. त्यांची समाधी तिथेच आहे. गगनबावड्याची जहागिरी त्यांच्या घराण्याकडे राहिली. त्यानंतर ४० वर्षांनी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, इंग्रजांनी पेशव्यांशी हातमिळवणी करून विजयदुर्गावर हल्ला केला. तुळाजी आंग्रे यांचे आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना लागून उभे होते. तोफगोळ्याने एका जहाजाला आग लागली, ती शेजारच्या जहाजांवर पसरली आणि काही तासांत सारा काफिला जळाला. ते दिवस पावसाळ्याचे नव्हते. तरी सगळे बळ एकाच आडोशाला ठेवण्याचा धोका त्यातून कळतो.

अगदी अलीकडेही हे दिसले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘मायकेल’ चक्रीवादळ अमेरिकेतील फ्लोरिडाच्या टिंडल हवाई तळावर धडकले. बहुतेक एफ-२२ विमाने आधीच हलवली होती. दुरुस्तीअभावी उडू न शकणारी काही विमाने हँगरमध्ये राहिली आणि त्या हँगरांचीच छपरे उडाली. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’चा इशारा आधी मिळूनही ‘पी-३०५’ बार्ज मुंबईजवळच्या समुद्रातच राहिली. नांगर तुटून ती वाहत गेली व बुडाली. नौदलाने अनेकांना वाचवले, तरी ७० हून अधिक जणांचा जीव गेला.

आज उपग्रह काही दिवस आधी वादळाची वाट दाखवतात. रामचंद्रपंतांकडे केवळ ऋतूंचा अनुभव होता. म्हणून त्यांनी निर्णय कुणाच्या अंदाजावर सोडला नाही, तो राजाज्ञेत घातला. केव्हा हलायचे, कुठे जायचे, पहारा कुणाचा आणि खर्च कशातून, या चार प्रश्नांची उत्तरे वादळापूर्वी ठरलेली असावीत, असा तो कारभाऱ्याचा हिशेब होता.