गणेश दैवज्ञ : हिशेब आधी की मागितल्यावर?

बालाघाट जिल्ह्यातील कटंगी हे माझे गाव. माझे आजोबा तेथे जोशीपण करीत. त्यांच्या फडताळात तांबड्या कापडात बांधलेली ग्रहलाघवाची पोथी असे. वर्षभराचे पंचांग त्यांनी कधी मांडले नाही. कुणी लग्नाची तिथी विचारायला आले म्हणजे पाटी घेऊन तेवढ्या दिवसापुरते गणित करीत आणि उत्तर वहीत टिपून ठेवीत. तोच दिवस पुन्हा कुणी विचारला तर फक्त वही उघडीत. शेजारच्या वाण्याकडे मात्र छापील पंचांग येई. त्यात सगळ्या तिथी, कुणी विचारो न विचारो, आधीच मांडलेल्या असत.

एका चंद्रग्रहणाच्या रात्री आजोबांनी सांगितलेली वेळ टळून गेली, तरी चंद्र स्वच्छच होता. छापील पंचांगातल्या वेळेला ग्रहण लागले. अंगणातली मंडळी हसली. आजोबांनी रात्री उशिरापर्यंत पाटीवरचे गणित पुन्हा पुन्हा तपासले. चूक सापडली नाही. ती त्यांची नव्हतीच, हे मला फार पुढे कळले. त्यासाठी ग्रहलाघवकाराचे चरित्र वाचावे लागले.

गणेश दैवज्ञांचा जन्म शके १४२९ म्हणजे इ. स. १५०७ च्या सुमाराचा. गाव नांदगाव, कोकण किनाऱ्यावरचे, आजच्या रायगड जिल्ह्यातील मुरुडजवळचे. वडील केशव दैवज्ञ हे ग्रहकौतुक या ग्रंथाचे कर्ते. जुन्या ग्रंथांतून निघणारी ग्रहस्थाने आकाशाशी जुळत नाहीत, हे केशवांनी स्वतःच्या डोळ्यांनी वेध घेऊन पाहिले होते, आणि पुढच्यांनीही वेध घेऊन गणित सुधारीत जावे असे लिहून ठेवले होते. हा वारसा मुलाने उचलला.

ग्रहलाघवाचा आरंभ शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० हा आहे. तो तेराव्या वर्षी रचला असे परंपरा सांगते. त्या काळी कलियुगारंभापासून दिवस मोजायचे तर संख्या सोळा लाखांच्या पुढे जाई. गणेशांनी ४,०१६ दिवसांचे, सुमारे अकरा वर्षांचे, एक चक्र धरले. गेलेल्या चक्रांची संख्या काढावी, प्रत्येक चक्राचा ध्रुवक व आरंभीचा क्षेपक यांचा हिशेब करावा, आणि उरलेल्या दिवसांपुरतीच गती मोजावी. ज्या व चाप यांचे किचकट गणितही त्यांनी टाळले. लागेल तेव्हा, लागेल तेवढेच काम, ही त्या ग्रंथाची सोय.

पण याच माणसाने शके १४४७ म्हणजे इ. स. १५२५ मध्ये तिथिचिंतामणी हा ग्रंथ केला. त्यात कोष्टके तयारच आहेत. श्रम एकदाच, आधी करून ठेवायचे; मग वर्षाच्या तिथी, नक्षत्रे व योग थोडक्यात मांडता येतात. पुढे शके १४६७ मध्ये त्यांनी भास्कराचार्यांच्या लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. त्यांचे ग्रहलाघव महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही शतकानुशतके चालले.

मी संगणकशास्त्र शिकवू लागलो तेव्हा फंक्शनल प्रोग्रामिंगच्या तासाला हे दोन ग्रंथ मला आठवू लागले. एमएल किंवा स्कीम या भाषा फंक्शनला दिलेली प्रत्येक पदावली आधी सोडवून घेतात. ही ईगर पद्धत, छापील पंचांगासारखी. हास्केल ही भाषा गरज पडेपर्यंत थांबते आणि एकदा काढलेले उत्तर जपून ठेवते. ही लेझी पद्धत, आजोबांच्या पाटी-वहीसारखी. म्हणूनच हास्केलमध्ये सर्व मूळ संख्यांची न संपणारी यादी बिनधास्त लिहून तिच्यातल्या पहिल्या दहाच मागता येतात. ईगर पद्धतीत ती यादी करण्यातच यंत्र अडकून पडेल. उलट लेझी पद्धतीत न केलेल्या कामांचा ढीग साचून स्मृती भरून जाण्याचा धोका असतो.

विद्यार्थी विचारतात, दोहोंपैकी खरे उत्तर कोणती देते? चर्च आणि रॉसर यांनी १९३६ साली सिद्ध केले की लॅम्डा कलनात पदावली कोणत्याही क्रमाने सोडवा, दोन्ही वाटा शेवटाला पोचल्या तर उत्तर एकच येते. क्रमाने श्रम बदलतात, आणि शेवटाला पोचणार की नाही तेही ठरते. पण उत्तर बदलत नाही.

मग आजोबांचे ग्रहण का चुकले? ते मागितल्यावर गणित करीत म्हणून नव्हे, आणि छापील पंचांग बरोबर आले ते आधी मांडले होते म्हणूनही नव्हे. छापील पंचांगामागे नव्या वेधांवरून घेतलेले अंक होते, आजोबांच्या पोथीत १५२० सालचे. शुद्ध फंक्शनचे जपून ठेवलेले उत्तर कधी शिळे होत नाही, कारण तीच पदावली तेच मूल्य देते. गणेशांचे क्षेपक-ध्रुवक मात्र आकाश पाहून ठरवलेले होते. त्यांतला बारीकसा फरक दर चक्राला साचत गेला, आणि केशवांची सूचना बहुतेकांनी बाजूला ठेवली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या भारतीय ज्योतिषशास्त्रात, आणि व्यंकटेश बापूजी केतकरांनी आपल्या ग्रहगणितात, ती पुन्हा हाती घेतली.

आजोबांची वही माझ्याकडे आहे. त्या ग्रहणाच्या पानावर त्यांनी आपली वेळ खोडलेली नाही. शेजारी, प्रत्यक्ष पाहिलेली वेळ लिहिली आहे. गणेश दैवज्ञांना ते पान आवडले असते.