चार तारांचा वारसा

युकुलेले हे चार तारांचे, गिटारच्या धाकट्या भावंडासारखे दिसणारे छोटेखानी वाद्य. १८७९ मध्ये अटलांटिक महासागरातील मदेरा बेटावरून काही पोर्तुगीज कुटुंबे उसाच्या मळ्यांत मजुरी करण्यासाठी हवाई बेटांवर गेली. त्यांच्यातल्याच काही सुतारांनी आपल्या गावाकडच्या तंतुवाद्याच्या धर्तीवर हे वाद्य घडवले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याचे वेड अमेरिकेत पसरले आणि तेथून ते इंग्लंडात पोहोचले. संगीताचे रीतसर शिक्षण न घेताही अल्पावधीत एखादे गाणे वाजवता यावे, इतके ते सोपे. म्हणूनच जगभरच्या हौशी मंडळींनी त्याला जवळ केले आहे. घरी बसून वाजवलेल्या गाण्याची चित्रफीत काढायची, ती परस्परांना दाखवायची, कोणाची बोटे कोठे अडखळली ते आपुलकीने सांगायचे, असा या मंडळींचा स्नेहाचा व्यवहार. त्यांच्या गप्पांत, विशेषतः इंग्लंडमध्ये, एक नाव हमखास निघते. ते म्हणजे जॉर्ज फॉर्म्बी.

फॉर्म्बीचे मूळ नाव जॉर्ज हॉय बूथ. लँकेशायर परगण्यातील विगन या कामगारवस्तीच्या गावी २६ मे १९०४ रोजी त्याचा जन्म झाला. कापडगिरण्यांमुळे लँकेशायर आणि मँचेस्टर ही नावे मुंबईकरांना तशी जुन्या ओळखीची. विगनमध्ये गिरण्यांच्या जोडीला कोळशाच्या खाणीही होत्या. जॉर्ज जन्मतः दृष्टिहीन होता. काही महिन्यांचा असताना खोकल्याची जोरदार उबळ आली आणि त्याला दिसू लागले, असे त्याच्या घरी सांगितले जाई.

त्याचे वडील जेम्स बूथ हे ‘जॉर्ज फॉर्म्बी’ या नावाने रंगमंचावर वावरणारे विनोदी गायक होते. अतिशय हलाखीच्या बालपणातून वर आलेल्या या कलावंताने इंग्लंडच्या ‘म्युझिक हॉल’च्या दुनियेत मोठे नाव कमावले. क्षयाने पोखरलेल्या छातीतून येणारा खोकलाही त्यांनी आपल्या विनोदाचा भाग करून टाकला होता. मात्र आपल्या मुलाने या वाटेला जाऊ नये, अशी त्यांची सक्त इच्छा होती. आपला कार्यक्रम पाहण्याचीही मुलाला त्यांनी मनाई केली. सातव्या वर्षीच जॉर्जची शाळा सुटली आणि घोडेस्वारीचे धडे गिरवण्यासाठी त्याची रवानगी तबेल्यात झाली. दहाव्या वर्षी तो पहिल्या व्यावसायिक शर्यतीत उतरला. घरापासून दूर, घोड्यांच्या संगतीत त्याचे बालपण गेले. लिहिण्यावाचण्याशी त्याची फारशी ओळख कधी झालीच नाही.

फेब्रुवारी १९२१ मध्ये वडील वारले. त्यानंतर आईबरोबर लंडनला गेला असताना एका परक्या नटाला वडिलांचीच गाणी आणि लकबी रंगमंचावर वापरताना त्याने पाहिले. वडिलांचा वारसा दुसऱ्या कोणी चालवावा, हे सोळा वर्षांच्या जॉर्जला रुचले नाही. त्याने घोडे सोडले आणि रंगमंच गाठला. अडचण एकच होती. ज्यांची नक्कल करायची, त्यांना त्याने रंगमंचावर कधी पाहिलेच नव्हते. तेव्हा ग्रामोफोनच्या तबकड्या पुनःपुन्हा ऐकून त्याने वडिलांची गाणी पाठ केली. त्यांच्या कोट्या, चालणे, उभे राहणे हे सारे आईने शिकवले. आईच्या माहेरचे आडनाव लावून, ‘जॉर्ज हॉय’ या नावाने तो प्रेक्षकांसमोर आला. सुरुवातीचे दिवस अपयशाचेच होते. वडिलांचे नाव लावण्याचा आत्मविश्वास यायलाही काही काळ जावा लागला.

१९२३ हे वर्ष त्याच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. त्या वर्षी त्याच्या हाती युकुलेले आले आणि बेरिल इंगम ही नर्तकी त्याच्या आयुष्यात आली. लाकडी तळव्याचे बूट घालून करावयाच्या लँकेशायरी नाचात बेरिल निष्णात होती. फावल्या वेळात हे वाद्य छेडणाऱ्या जॉर्जला सहकाऱ्यांनी पैज लावून ते रंगमंचावर वाजवायला भाग पाडले, अशी कथा आहे. प्रेक्षकांनी मात्र दाद दिली. १९२४ मध्ये दोघांचा विवाह झाला. बेरिलने स्वतःचा नाच बाजूला ठेवून नवऱ्याच्या कारकिर्दीची सूत्रे हाती घेतली. करार, मानधन, कपडे, गाण्यांची निवड या सगळ्यांवर तिची करडी नजर असे. वडिलांची नक्कल मागे पडली आणि नीटनेटक्या पोशाखातील, दात दाखवत हसणारा, भोळसट पण हरहुन्नरी असा नवा फॉर्म्बी उभा राहिला.

फॉर्म्बीचे लाडके वाद्य हे साध्या युकुलेलेपेक्षा थोडे वेगळे होते. त्याला ‘बॅन्जोलेले’ म्हणतात. मान युकुलेलेची, पण पोट लाकडी पेटीचे नसून डफासारखे गोल आणि वर चामडे ताणलेले. त्यामुळे त्याचा आवाज खणखणीत आणि दूरवर जाणारा. ध्वनिवर्धकाचा फारसा आधार नसलेल्या नाट्यगृहात तो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचे. फॉर्म्बीला स्वरलिपी वाचता येत नव्हती. पट्टी बदलायची झाली तर तो वाद्यच बदलत असे आणि त्यासाठी वेगवेगळ्या पट्ट्यांत लावलेली वाद्ये जवळ बाळगत असे. पण त्याचा उजवा हात म्हणजे एक नवल होते. एकाच आघाताचे तुकडे करून कधी सगळ्या तारांवर, तर कधी कडेच्या एकाच तारेवर बोट टाकत तो असा काही ठेका उभा करी, की एकटा माणूस वाजवतो आहे यावर विश्वास बसू नये. गाण्याची कडवी संपली की तो अशी एक धावती तान वाजवी. प्रेक्षक तिचीच वाट पाहत. शास्त्र न शिकलेल्या माणसाने केवळ सरावाने कमावलेली ही करामत होती.

१९३२ मध्ये जॅक हिल्टनच्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झालेल्या ‘चायनीज लाँड्री ब्लूज’ या गाण्याने फॉर्म्बीचे नाव घरोघरी पोहोचवले. १९३४ च्या ‘बूट्स! बूट्स!’ने तो बोलपटात स्थिरावला. १९३५ च्या ‘नो लिमिट’मध्ये आइल ऑफ मॅनवरील मोटारसायकल शर्यतीत उतरलेला साधाभोळा तरुण त्याने रंगवला. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘कीप युअर सीट्स, प्लीज’मधील खिडक्या पुसणाऱ्या माणसाचे गाणे प्रचंड गाजले. खिडकीतून दिसणाऱ्या खासगी दृश्यांचे द्व्यर्थी वर्णन बीबीसीच्या सोवळ्या कारभाऱ्यांना मात्र रुचले नाही आणि नभोवाणीने त्या गाण्याला दार बंद केले. लोकांनी ते अधिकच आवडीने म्हटले. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर फॉर्म्बी ब्रिटनमधील सर्वाधिक कमाई करणाऱ्या कलावंतांत गणला जाऊ लागला होता. मोठ्या पडद्यावर आपल्याच बोलीत बोलणारा, साहेबी थाटापुढे गांगरणारा आणि अखेरीस बाजी मारणारा हा माणूस उत्तरेकडच्या श्रमिकांना आपल्यातलाच वाटत होता.

महायुद्धाच्या काळात त्याच्या लोकप्रियतेला वेगळा अर्थ आला. १९४० च्या ‘लेट जॉर्ज डू इट!’ या चित्रपटात त्याचा नायक स्वप्नात हिटलरला ठोसा लगावतो. बॉम्बहल्ल्यांच्या सावटाखाली जगणाऱ्या प्रेक्षकांना या दृश्याने मोठाच दिलासा दिला. सैनिकांच्या मनोरंजनासाठी स्थापन झालेल्या ‘एन्सा’ या संघटनेसाठी फॉर्म्बी आणि बेरिल यांनी अथक दौरे केले. १९४४ मध्ये नॉर्मंडीत सैन्य उतरल्यावर तो तेथे आघाडीजवळ जाऊन गायला. १९४५ च्या प्रारंभी तो ब्रह्मदेश, भारत आणि सिलोनच्या दौऱ्यावर आला. युद्धकाळात सुमारे तीस लाख सैनिकांसमोर त्याने आपली कला सादर केली, असा अंदाज आहे. छोटे, हलके, कोठेही काखेत मारून नेता येणारे वाद्य येथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडले. १९४६ मध्ये त्याला ‘ओबीई’ हा किताब मिळाला.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात फॉर्म्बी दांपत्याची निराळी कसोटी लागली. वर्णभेदाचे कायदेशीर धोरण तेथे १९४८ नंतर आले असले, तरी गोऱ्यांची आणि काळ्यांची बसण्याची ठिकाणे तेव्हाही वेगळी होती. असा भेद पाळणाऱ्या ठिकाणी कार्यक्रम करण्यास दोघांनी नकार दिला. कृष्णवर्णीय श्रोत्यांसमोर झालेल्या एका कार्यक्रमात एका चिमुरड्या मुलीने बेरिलला चॉकलेटचा डबा भेट दिला. फॉर्म्बीने त्या मुलीला जवळ घेतले आणि श्रोत्यांनी जल्लोष केला. ही गोष्ट नॅशनल पार्टीचे नेते डॅनियल मलान यांना खटकली. पुढे पंतप्रधान होऊन वर्णभेदाचे धोरण राबवणाऱ्या या नेत्याने दूरध्वनी करून नाराजी कळवली. बेरिलने त्यांना अत्यंत रोखठोक शब्दांत वाटेला लावले. विनोदी गाण्यांवर पोट भरणाऱ्या, राजकारणाशी संबंध नसलेल्या या जोडप्याने दाखवलेला बाणेदारपणा अनेक मोठ्या नावांना साधला नव्हता.

युद्धानंतर मात्र प्रेक्षकांची अभिरुची बदलली. १९४६ चा ‘जॉर्ज इन सिव्ही स्ट्रीट’ हा त्याचा अखेरचा चित्रपट ठरला. फॉर्म्बी पुन्हा रंगमंचाकडे वळला. १९५१ मध्ये लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये ‘झिप गोज अ मिलियन’ ही संगीतिका जोरात सुरू झाली. पण काही महिन्यांतच हृदयविकाराचा झटका आला आणि त्याला ती सोडावी लागली. पुढची वर्षे आजारपण आणि अधूनमधून होणारे कार्यक्रम यांत गेली. बेरिलही दुर्धर आजाराने खंगत होती. बाहेरून आदर्श वाटणारा त्यांचा संसार आतून कधीच कोरडा झाला होता. तिच्या करड्या शिस्तीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि तिच्यावाचून फॉर्म्बी घडला नसता, हेही तितकेच खरे.

२४ डिसेंबर १९६० रोजी बेरिलचे निधन झाले. दोनच महिन्यांत फॉर्म्बीने एका शिक्षिकेशी आपला विवाह ठरल्याचे जाहीर केले. तो योग मात्र नव्हता. ६ मार्च १९६१ रोजी प्रेस्टन येथील रुग्णालयात हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. वय अवघे ५६ होते. अंत्ययात्रेच्या मार्गावर सुमारे दीड लाख लोक उभे होते, असे तेव्हा सांगितले गेले. अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनीच एके काळी टोपणनावाने त्याच्यासाठी गाणी लिहिली होती. वॉरिंग्टनच्या दफनभूमीत वडिलांच्या शेजारी त्याला चिरविश्रांती मिळाली. त्याला मूलबाळ नव्हते. मालमत्तेचा मोठा भाग नियोजित वधूच्या नावे केलेला असल्याने कुटुंबीय न्यायालयात गेले आणि तो वाद काही वर्षे चालला.

इस्टेटीचा वाद सुरू असताना दुसऱ्या एका वारशाची वाटणी मात्र बिनबोभाट सुरू झाली होती. १९६१ मध्येच त्याच्या चाहत्यांनी ‘जॉर्ज फॉर्म्बी सोसायटी’ स्थापन केली. ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या शहरात तिचे मेळावे भरू लागले. तेथे वयाची अट नाही, पदवीची नाही. कालपरवा शिकू लागलेल्यालाही रंगमंचावर संधी मिळते आणि मग सगळे मिळून एकत्र वाजवतात. १९९१ मध्ये अशाच एका मेळाव्यात ‘बीटल्स’मधील जॉर्ज हॅरिसन याने हौशी वादकांच्या बरोबरीने युकुलेले वाजवले. लिव्हरपूलमध्ये वाढलेल्या हॅरिसनवर फॉर्म्बीची मोहिनी होती. हॅरिसनच्या मृत्यूनंतर २००२ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या स्मृतिमैफलीत पॉल मॅकार्टनी याने हॅरिसनचेच गाणे युकुलेलेच्या साथीने सुरू केले. पंडित रविशंकर यांनी रचलेली, अनुष्का शंकर यांनी संचालन केलेली रचना त्याच मैफलीत सादर झाली होती.

आज फॉर्म्बीचे जुने चित्रपट संथ गतीने पुनःपुन्हा पाहत हौशी वादक त्याच्या उजव्या हाताचे गुपित उकलतात. कोणी मनगटाकडे पाहायला सांगतो, कोणी अंगठ्याकडे. जमले तर आपली चित्रफीत इतरांना दाखवायची, नाही जमले तरी दाखवायची, आणि मिळालेल्या सूचना ऐकून पुन्हा बसायचे. ज्यांना कधी रंगमंचावर पाहिले नाही, त्या वडिलांची गाणी सोळा वर्षांच्या एका मुलाने तबकड्या ऐकून अशीच शिकून घेतली होती. त्या मुलाने मागे ठेवलेली विद्याही त्याच मार्गाने, एका हातातून दुसऱ्या हातात, पुढे चालली आहे.